जुन्या नॅसमधून छोटा लिनक्स संगणक, मूळ सिस्टीम न पुसता

बेळगावच्या टिळकवाडीत एका ओळखीच्या ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि कपाटावरचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली वाटणारा डिस्कचा डबा, एका दिवसात निकामी ठरला. डबा बिघडला नव्हता. तो फाइली वाटायला एसएमबी या विंडोजच्या पद्धतीची पहिली, जुनी आवृत्ती वापरायचा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून ही आवृत्ती नव्या विंडोजमध्ये आपोआप बसवलेली नसते. नवे लॅपटॉप डब्याला ओळखेनात, जुने विकून झाले होते, मग डबा भंगाराच्या ढिगात गेला. मी तो ६०० रुपयांना उचलला. आज तो बेळगाव-खानापूर वाटेवरच्या आमच्या गावातल्या वाचनालयात, कपाटाच्या वरच्या खणात डेबियन लिनक्सवर चालतोय. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मराठी माध्यमाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, गावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, मंडळांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांचे स्कॅन, सगळं मुलं मोबाइलवर उघडतात, तेही इंटरनेट नसताना.

असे डबे आपल्या भागात बऱ्याच ऑफिसांत, फोटो स्टुडिओंत, छापखान्यांत धूळ खात पडलेत. ते टाकून देऊ नका. मी केलं ते सगळं खाली क्रमाने लिहितोय. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: डब्याच्या आतल्या फ्लॅश मेमरीतली मूळ सिस्टीम पुसायची नाही. नवं लिनक्स पेनड्राइव्हवर ठेवायचं आणि डब्याला तिथून उठायला शिकवायचं. जुनं घर न पाडता अंगणात खोपट बांधायचं. खोपट कोसळलं तरी रात्री झोपायला घर असतं.

(कमांडची नावं मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाकायचे.)

डब्याच्या आत काय असतं

नॅस म्हणजे डिस्क ठेवायचं खोकं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आत प्रोसेसर, रॅम, फ्लॅश, नेटवर्क पोर्ट, यूएसबी असं सगळं असतं आणि बहुतेकांत मुळातच लिनक्स चालत असतं, फक्त कंपनीच्या वेब पानामागे दडलेलं. हे आधी ओळखलं ते लिंक्सिसच्या २००४ मधल्या एनएसएलयू२ या छोट्या डब्याच्या मालकांनी. २६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश, एवढ्यावर लोकांनी पूर्ण डेबियन चालवलं. पहिल्या खेपेचे डबे तर कारखान्यातूनच निम्म्या वेगाने, १३३ मेगाहर्ट्‌झवर, चालवलेले निघाले.

आज भंगारात सापडणाऱ्यांत सगळ्यांत कामाचे डबे मार्व्हेलच्या 'कर्कवुड' जातीच्या चिपचे. ८८एफ६२८१ हा त्यातला नेहमी भेटणारा नंबर. याच चिपवर २००९ मध्ये शीव्हाप्लग नावाचा प्लगाएवढा संगणक आला होता, म्हणून तिच्यासाठी लिनक्सचं काम लवकर आणि चांगलं झालं. डी-लिंकचे डीएनएस-३२० आणि डीएनएस-३२५, झायझेलचा एनएसए-३१०, सीगेटचा गोफ्लेक्स नेट, क्यूनॅपचा टीएस-२१९ असे बरेच डबे लिनक्सच्या मूळ कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, नावानिशी माहीत आहेत. म्हणजे त्यांचं 'डिव्हाइस ट्री' कर्नलबरोबरच मिळतं. डिव्हाइस ट्री ही एक छोटी फाइल असते. कोणता दिवा कुठल्या पिनवर, पंखा कुठे, फ्लॅशचे भाग कसे, ही सगळी वही तिच्यात लिहिलेली असते.

डबा घेण्याआधी खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर शोधून चिप आणि रॅम बघा. १२८ एमबी रॅम पुरते, २५६ असेल तर उत्तम. ६४ एमबीच्या वाटेला पहिल्या खेपेत जाऊ नका, खाली सांगितलेली पद्धत तिथे अडते.

दुसरी गोष्ट: कर्कवुड म्हणजे एआरएमची पाचवी पिढी, दशांश गणिताचं वेगळं हार्डवेअर नसलेली. म्हणून तिला डेबियनची 'आर्मेल' ही शाखा लागते. रास्पबेरी पायची इमेज इथे चालत नाही. तिच्यातले प्रोग्रॅम या चिपला न कळणाऱ्या सूचना वापरतात. आर्मेलसाठी नीट, पूर्ण आधार असलेली शेवटची आवृत्ती म्हणजे २०२३ ची डेबियन १२, 'बुकवर्म'. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये आर्मेलचा इन्स्टॉलर नाही आणि कर्कवुडचा कर्नलही नाही. म्हणून आपण बुकवर्म घेणार. त्याचा एक परिणाम आहे, तो शेवटाकडे सांगतो.

काय जमवायचं

३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अ‍ॅडॉप्टर, म्हणजे सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपची ती छोटी पट्टी. तीन जम्पर वायर. साधा मल्टीमीटर. दोन पेनड्राइव्ह, शक्यतो जुन्या, ४ किंवा ८ जीबीच्या. लिनक्स असलेला लॅपटॉप (विंडोजवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स असेल तरी भागतं). एक लॅन केबल. आणि इन्व्हर्टरवर चालणारा प्लग पॉइंट. हा शेवटचा आपल्याकडे चैनीचा नाही.

डब्यात जुनी डिस्क असेल तर ती आधी काढून ठेवा. तिच्यावर कुणाचे तरी हिशेब, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात. ज्याची आहे त्याला विचारून, त्याचा डेटा त्याला देऊन मगच ती वापरा. ती विंडोजवर उघडत नाही म्हणून रिकामी आहे असं समजू नका. नॅसच्या डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात, विंडोज त्या वाचत नाही एवढंच.

सीरियल वायर: निम्मं काम इथेच

डब्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. तो सुरू होताना काय बोलतो ते ऐकायचं एकच दार, बोर्डवरचे चार किंवा पाच पिनांचे सीरियल टोक. बरेच जण ही पायरी टाळायला बघतात, वायर न जोडता काहीतरी फाइल चढवून काम होईल म्हणतात. मी सांगतो, वायर जोडल्याशिवाय डब्याला हात लावू नका. चुकलं तर काय चुकलं हे कळायला दुसरा मार्गच नाही.

पिना ओळखायला मल्टीमीटर. डबा बंद ठेवून, बझरवर, बोर्डच्या धातूच्या भागाशी जोडलेली पिन शोधा, ती ग्राउंड. मग डबा चालू करा. जी पिन सतत ३.३ व्होल्ट दाखवते ती पॉवरची, तिला अजिबात हात लावायचा नाही. सुरू होताना पहिली काही सेकंदं जिचा आकडा थरथरतो ती डब्याची बोलायची पिन. उरलेली ऐकायची. अ‍ॅडॉप्टरचं ग्राउंड ग्राउंडला, डब्याची बोलायची पिन अ‍ॅडॉप्टरच्या ऐकायच्या पिनेला आणि उलट. जुन्या संगणकाचा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट थेट लावायचा नाही. त्याचा व्होल्टेज बोर्डला जाळतो.

लॅपटॉपवर पुटी किंवा पिकोकॉम (सीरियलच्या ओळी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, वेग १,१५,२००. डबा चालू केला की ओळी धावायला लागतात. काहीच दिसलं नाही तर बोलायची-ऐकायची वायर अदलाबदल करा. कचरा अक्षरं दिसली तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड सैल आहे.

हे मी वाचनालयाच्या टेबलावरच केलं. पहिल्यांदा ओळी आल्या तेव्हा चिटणीस काका चष्मा वर करून बघत होते. "हे कसलं करूलालास रे? बोलतंय खरं ते," म्हणाले. आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. त्यांनी त्या वेळी कुठल्या अर्थाने म्हटलं ते अजून कळलेलं नाही.

यू-बूट थांबवणं

धावत्या ओळींत एक येते: 'कोणतंही बटण दाबून ऑटोबूट थांबवा', शेजारी ३, २, १ असे उलटे आकडे. तेवढ्यात बटण दाबा. काही डब्यांवर नुसतं बटण चालत नाही, ठरावीक जोडी लागते, ती मॉडेलप्रमाणे शोधावी लागते. थांबला की मार्व्हेलचं नाव लिहिलेला प्रॉम्प्ट दिसतो. हाच यू-बूट, डबा जागा झाल्यावर सगळ्यांत आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम. लिनक्सला तोच उठवतो.

इथे पहिली कमांड 'प्रिंट-एन्व्ह'. जे छापून येईल ते सगळं कॉपी करून फाइलमध्ये ठेवा, आणि 'बूट-सीएमडी' व 'ईथ-अ‍ॅडर' या दोन ओळी वहीत हातानेही उतरवून घ्या. पहिलीत डबा आजवर कसा उठत होता ते आहे. दुसरीत त्याचा नेटवर्क पत्ता आहे, जो एकदा हरवला की फक्त खालच्या लेबलवर सापडतो, तेही लेबल पुसलं नसेल तर.

मग रिकामी पेनड्राइव्ह लावून 'यूएसबी स्टार्ट' टाका. एक साठवण यंत्र सापडलं असं म्हटलं की पुढचा रस्ता मोकळा. शून्य म्हटलं तर 'यूएसबी रीसेट' करून बघा, नाहीतर पेनड्राइव्ह बदला. जुन्या यू-बूटला नव्या, मोठ्या, वेगवान पेनड्राइव्ह बऱ्याचदा ओळखता येत नाहीत. माझी ६४ जीबीची तीनदा नाकारली, आणि एका बँकेच्या मेळाव्यात फुकट मिळालेली ४ जीबीची पहिल्या फटक्यात घेतली.

पेनड्राइव्ह तयार करणं

आता लॅपटॉपवर. पेनड्राइव्हचे दोन भाग करा. पहिला २५६ एमबीचा, फक्त कर्नलसाठी. दुसरा उरलेला, सिस्टीमसाठी.

पहिला भाग 'एक्स्ट-२' ने फॉरमॅट करताना आयनोडचा आकार १२८ बाइट द्या, म्हणजे 'एमकेएफएस' च्या कमांडमध्ये मोठा आय आणि पुढे १२८. आजकालचं लिनक्स न सांगता २५६ धरतं, आणि जुन्या यू-बूटला २५६ वाचता येत नाही. फाइल समोर दिसतेय आणि यू-बूट म्हणतोय 'नाही', या एका गोष्टीपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली. दुसरा भाग एक्स्ट-४, आणि त्याला नाव द्या, समजा 'मूळ'. इंग्रजी अक्षरांत 'मूल' लिहिलंत तरी चालेल, नाव एकच ठेवलं म्हणजे झालं. नाव का द्यायचं ते लवकरच कळेल.

लॅपटॉपवर चार पॅकेजं बसवा: डीबूटस्ट्रॅप, क्यूएमयू-यूजर-स्टॅटिक, बिनएफएमटी-सपोर्ट आणि यू-बूट-टूल्स. मग दुसरा भाग जोडून डीबूटस्ट्रॅपला आर्किटेक्चर आर्मेल आणि आवृत्ती बुकवर्म सांगा. तो डेबियनच्या सर्व्हरवरून मूळ सिस्टीम उतरवून पेनड्राइव्हवर मांडतो. क्यूएमयूमुळे एआरएमचे प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवर चालतात, म्हणून पेनड्राइव्हच्या आत 'सीएचरूट' करून, म्हणजे त्या सिस्टीमच्या आत शिरून, बाकीची जुळवाजुळव इथेच करता येते. हीच योग्य जागा. १२८ एमबी रॅमच्या डब्यावर पॅकेजं बसवायला तासन्‌तास लागतात, आणि मेमरी संपली की काम मध्येच मारलं जातं.

सीएचरूटमध्ये शिरून: रूटचा पासवर्ड ठेवा, स्वतःच्या नावाचा वापरकर्ता बनवा (एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करताना, रूट पासवर्डने आत जाऊ शकत नाही, म्हणून हा लागतोच), एफएस-टॅबमध्ये (डिस्कच्या भागांच्या यादीत) दुसऱ्या भागाची नोंद नावानेच करा आणि तिथेच 'नो-ए-टाइम' लिहा, आणि नेटवर्कच्या फाइलीत 'ईथ०' ची नोंद करा. मग बसवा: लिनक्स-इमेज-मार्व्हेल, ओपन-एसएसएच-सर्व्हर, लोकेल्स, साम्बा (फाइली वाटायला), लायटीपीडी (ब्राउझरमध्ये यादी दाखवायला), एचडीपार्म, फेक-एचडब्ल्यूक्लॉक.

'फ्लॅश-कर्नल' नावाचं पॅकेज मात्र बसवू नका. ओळखीचा डबा दिसला की काही मॉडेलांवर ते कर्नल थेट आतल्या फ्लॅशमध्ये लिहितं. आपण जे टाळायचं ठरवलंय तेच.

कर्नल बांधणं हातानेच करायचं. जुन्या यू-बूटला डिव्हाइस ट्री म्हणजे काय ते माहीतच नाही, म्हणून ती फाइल कर्नलच्या शेपटीला जोडून द्यायची. बूट फोल्डरमधली 'व्हीएमलिनझ' आणि यूएसआर-लिबमधल्या लिनक्स-इमेजच्या फोल्डरमधली तुमच्या मॉडेलची 'कर्कवुड' नावाची डीटीबी, या दोन्ही 'कॅट' ने एकापाठोपाठ एका नव्या फाइलीत ओता. तिला 'एमके-इमेज' ने यू-बूटचं वेष्टण चढवा: प्रकार कर्नल, लोडचा पत्ता आणि सुरुवातीचा पत्ता दोन्ही ०एक्स८०००. नाव 'यू-इमेज'. तसंच आयनिट-आरडीला (सुरुवातीला रॅममध्ये उघडणाऱ्या छोट्या सिस्टीमला) प्रकार रॅमडिस्क देऊन 'यू-आयनिटआरडी' करा. दोन्ही पहिल्या भागात टाका. आयनिट-आरडीच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट' आहे ते तसंच राहू द्या. आकार कमी करायला कुणी 'डेप' सुचवेल, पण तो समोरच्या यंत्राचं हार्डवेअर बघून निवड करतो, आणि या क्षणी समोर तुमचा लॅपटॉप आहे, डबा नाही.

पहिल्यांदा उठवणं

पेनड्राइव्ह डब्याला, सीरियल वायर जोडलेली, यू-बूट थांबवलेला. आता हाताने, एकेक:

यूएसबी स्टार्ट.

'सेट-एन्व्ह बूट-आर्ग्ज' करून: कन्सोल बरोबर टीटीवायएस०, स्वल्पविराम, ११५२००, रूट बरोबर लेबल बरोबर तुमचं नाव, रूटडिले बरोबर १०, नेट डॉट इफनेम्स बरोबर ०. या शेवटच्यामुळे नेटवर्क कार्डाचं नाव 'ईथ०' च राहतं, नाहीतर नवं सिस्टीमडी त्याला स्वतःचं नाव देतं आणि तुमची नेटवर्कची फाइल भलत्याच नावाने लिहिलेली ठरते.

'एक्स्ट२लोड यूएसबी ०:१ ०एक्स८००००० यू-इमेज'. मग तसंच यू-आयनिटआरडी, पत्ता ०एक्स११०००००. दुसरी मोठी असते, जुन्या यू-बूटला अर्धं मिनिटही लागतं. धीर धरा.

'बूटएम ०एक्स८००००० ०एक्स११०००००'.

यातलं काहीच अजून कुठे साठलेलं नाही. वीज काढून लावलीत की डबा सगळं विसरून आपल्या जुन्या सिस्टीमवर उठतो. म्हणून इथे हव्या तेवढ्या वेळा चुका.

नेहमीच्या अडचणी दोन-तीनच. 'बॅड मॅजिक नंबर' म्हणजे एमके-इमेजचं वेष्टण चुकलं किंवा फाइल अर्धीच लोड झाली. 'अनकम्प्रेसिंग लिनक्स' नंतर चिडीचूप म्हणजे बहुधा डीटीबी जोडलीच नाही, दुसऱ्या मॉडेलची जोडली, किंवा कन्सोलची ओळ चुकली. आणि कर्नल उठून 'रूट सापडत नाही' म्हणत थांबला तर नाव किंवा रूटडिले बघा. माझ्याकडे रूटला आधी 'एसडीए२' दिलं होतं. डिस्क काढलेली असताना मजेत चाललं. डिस्क बसवली, ती झाली एसडीए, पेनड्राइव्ह गेली एसडीबीवर, आणि डबा उठेना. नाव दिलं असेल तर ही भानगड होत नाही.

लॉगिनचा प्रॉम्प्ट आला की थांबा, चहा प्या. कठीण भाग झाला.

एकदाच लिहायचं

आता यू-बूटला ही रीत कायमची शिकवायची. संपूर्ण कामात फ्लॅशमध्ये लिहिण्याची ही एकमेव वेळ. डबा इन्व्हर्टरवर घ्या. वळवाच्या दिवसांत, आभाळ भरलेलं असताना ही पायरी करू नका.

मूळ बूट-सीएमडीतलं जसंच्या तसं 'बूट-जुना' अशा नव्या नावाखाली ठेवा. वरच्या हाताने दिलेल्या ओळी 'बूट-यूएसबी' नावाखाली. आणि बूट-सीएमडीत फक्त: आधी 'रन बूट-यूएसबी', मग 'रन बूट-जुना'. एका ओळीत अनेक कमांड असल्या की मधल्या अर्धविरामांसकट सगळं एकेरी अवतरणात टाका. नाहीतर यू-बूट पहिल्या अर्धविरामालाच ओळ संपली समजून पुढचं तिथल्या तिथे चालवतो. पुन्हा 'प्रिंट-एन्व्ह' करून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. बरोबर असेल तरच 'सेव्ह-एन्व्ह'.

पेनड्राइव्ह लावलेली असेल तर डेबियन. काढलीत तर यूएसबीवर काही सापडत नाही, पहिली रांग अपयशी ठरते, डबा दुसऱ्या रांगेला जातो आणि कंपनीची सिस्टीम उठते. हे खरंच होतं का ते लगेच करून बघा, पुढे कधीतरी बघू म्हणू नका.

नांदायला लावणं

डब्याला घड्याळ असलं तरी त्याचा सेल बहुधा मेलेला असतो. वीज गेली की डबा १९७० सालात जागा होतो, आणि एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, सर्व्हरची सही बघून 'ही अजून वैध झालेली नाही' म्हणतो. फेक-एचडब्ल्यूक्लॉक शेवटची वेळ लिहून ठेवतं, इंटरनेट असेल तर टाइमसिंकडी पुढचं बघतं.

पेनड्राइव्हची झीज: जर्नलडीची साठवण 'व्होलाटाइल' करा, म्हणजे लॉग रॅममध्येच राहतील. स्वॅप २५६ एमबीची, पण डिस्कवर, पेनड्राइव्हवर नाही. बूट-आर्ग्जमध्ये 'एफएससीके डॉट रिपेअर बरोबर येस' हेही हवं, ते वरच्या 'सेव्ह-एन्व्ह' च्या आधीच वाढवून ठेवा. गेल्या जुलैत एका आठवड्यात आमच्याकडे दिवसाला पाच-सहा वेळा वीज गेली, आणि हे नसताना डबा दरवेळी 'दुरुस्त करू का?' विचारत, उत्तराची वाट बघत बंद कपाटात उभा राहायचा. ऐकायला कुणी नव्हतं. दुसरी पेनड्राइव्ह याचसाठी. सगळं नीट लागलं की तिची 'डीडी' ने हुबेहूब प्रत काढून ठेवा.

कर्नलचं पॅकेज 'एपीटी-मार्क होल्ड' ने धरून ठेवा. ते आपोआप बदललं तर यू-इमेज जुनीच राहते आणि मॉड्यूल नवी येतात.

राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे चालतो, पण त्यावरचे आकडे वाचा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना एकटीच १२ व्होल्टवर २ अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढते. छोटा यूपीएस त्या क्षणी दबतो आणि डबा परत परत सुरू होत राहतो. मी जुन्या लॅपटॉपची अडीच इंची डिस्क लावली, ती ५ व्होल्टवरच चालते. एचडीपार्मला 'एस १२०' दिलं की १० मिनिटं काम नसेल तर डिस्क थांबते. १० वॅट धरले तरी महिनाभर अखंड चालून सव्वासात युनिटच्या आत. वाचनालयाच्या बिलात ते कुणाला दिसलं नाही.

आणि वीज कडाडायला लागली की लॅन केबलही काढा, नुसता प्लग नाही. मार्चनंतर आमच्याकडे हे कुणीतरी केलंच पाहिजे.

मराठी फाइली

हे कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

लोकेल यूटीएफ-८ ठेवा, 'एमआर-आयएन' किंवा 'ईएन-आयएन', कोणताही. नाहीतर टर्मिनलवर सगळी नावं प्रश्नचिन्हांची रांग होतात. लायटीपीडीच्या सेटिंगमध्ये डिरेक्टरी लिस्टिंग चालू करून तिचं एन्कोडिंगही यूटीएफ-८ लिहा, म्हणजे मोबाइलच्या ब्राउझरला अंदाज बांधावा लागत नाही.

लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नाही: 'श्री' मध्ये श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार, म्हणजे १२ बाइट. विंडोजवर २५५ चिन्हांपर्यंत मुभा असते. त्यामुळे गावच्या संमेलनाचं नाव, वर्ष, अध्यक्षांचं पूर्ण नाव आणि 'समारोपाचे भाषण' असं सगळं एका नावात लिहिलेली फाइल लॅपटॉपवर मजेत राहते आणि डब्यावर चढवताना अडते.  कन्नड लिपीचंही गणित हेच, त्यामुळे दोन्ही भाषांतली नावं एकाच फाइलीला देण्याचा मोह आवरा. वर्ष आधी, मग छोटं नाव.

दुसरी गंमत 'दुसऱ्या' या शब्दाची. हा अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणी साध्या र पुढे न दिसणारा जोडक घालतो. डोळ्याला एकच दिसतं, डब्याला दोन फाइली दिसतात, आणि शोधताना एक सापडते, दुसरी नाही. आमच्याकडे 'दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका' अशी दोनदा चढली होती. आता नावात 'सत्र २' लिहायचं ठरवलंय.

साम्बात एकच फोल्डर सगळ्यांना वाचायला, लिहायला फक्त पासवर्ड असलेल्या दोघांना. राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा बांधून द्या आणि त्याचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावा. मुलं आली की वायफायला जोडतात, कोड स्कॅन करतात, यादी उघडते.

काय ठेवायचं याबद्दल: आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्याआतलं असेल तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्या. आपल्या भागातले लोक मागितली की देतात, मागायला जावं लागतं इतकंच. स्मरणिकांसाठी आम्ही घरोघर गेलो, एकानेही नाही म्हटलं नाही.

आणि तो परिणाम, जो मी मागे ठेवला होता. आर्मेलला पुढच्या डेबियनमध्ये जागा नाही, म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट यापुढे धरून चालू नका. म्हणून हा डबा घरात, शाळेत, वाचनालयात, राउटरच्या आतल्या बाजूलाच राहू द्या. बाहेरून उघडता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

काकांना डबा पटला, पण कपाटाच्या किल्ल्या त्यांनी सोडल्या नाहीत. कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय, मी गावात नसेन तेव्हासाठी. त्यावर तीन ओळी आहेत: दिवा लाल झाला तर प्लग काढून, दहा मोजून परत लावा. तरी डबा नीट नाही झाला तर काळी पेनड्राइव्ह काढून खणातली लाल पेनड्राइव्ह लावा. तरीही नीट नाही झाला तर पेनड्राइव्ह न लावता चालू करा आणि मला फोन करा.